सिनेमाची खतावणी: परीक्षणांच्या नोंदी लावायला बसलेल्या नवख्यांसाठी

गेल्या वर्षी आमच्या चित्रपट मंडळात नव्याने आलेल्या एका मुलीने ‘श्यामची आई’चं परीक्षण मागितलं. मी मोठ्या तोऱ्यात फाइल उघडली आणि ‘श’खालचा कागद काढून दिला. पाच मिनिटांत ती परत. “काका, यात आचार्य अत्रे कुठेच नाहीत.” नसणारच. मी दिलेला कागद सुजय डहाके यांच्या २०२३ सालच्या चित्रपटाचा होता आणि तिला हवा होता १९५३चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. दोन्ही कागदांच्या माथ्यावर नाव तेच. तारखेवरून कळेल म्हणाल, तर दोन्ही परीक्षणं एकाच महिन्यात लिहिलेली. नवा पाहून आल्यावर कुणाला तरी जुना पाहायची हुक्की आली होती. बरं, मजकुरात ‘कृष्णधवल छायाचित्रण’ असं लिहिलंय म्हणून जुना समजावा, तर नवाही कृष्णधवलच!

त्या दिवसापासून नव्या माणसाला परीक्षण लिहायला सांगण्याआधी मी नोंद करायला शिकवतो. वही, कार्डांचा खोका की गुगल शीट, हा प्रश्न दुय्यम. रीत एकच.

पहिली पायरी: वह्या दोन

किराणा दुकानदाराला हे सांगावं लागत नाही. रोजच्या उलाढाली तारखेनुसार रोजकीर्दीत आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं खातं खतावणीत. आपल्याकडे चित्रपट हे खातं. तो कोणाचा, कधीचा, किती मिनिटांचा, हे एकदाच लिहायचं. परीक्षण मात्र रोजकीर्दीतलं: अमुक माणसाने अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक प्रत पाहिली आणि त्याला असं वाटलं. एका खात्यावर अशा दहा नोंदी पडू शकतात.

नवखे हमखास दोन्ही एकाच कागदावर कोंबतात. मग त्याच चित्रपटाचं दुसरं परीक्षण आलं की दिग्दर्शकाचं नाव पुन्हा लिहायचं, या वेळी ऱ्हस्व-दीर्घ वेगळं, साल एकाने वाढलेलं. सहा महिन्यांत एकाच चित्रपटाची तीन भावंडं तयार होतात. म्हणून परीक्षणाच्या कागदावर चित्रपटाचा खाते क्रमांक तेवढा टाका. बाकीचं खतावणीत सापडेल.

दुसरी पायरी: क्रमांक, आणि तोही मुका

पहिल्या चित्रपटाला १, दुसऱ्याला २. बस. क्रमांकात हुशारी भरू नका. मी भरली होती. ‘म-२००३-०७’ असे झकास क्रमांक पाडले होते, म्हणजे भाषा, साल आणि त्या सालातला अनुक्रम. पुढे एका चित्रपटाचं साल चुकल्याचं लक्षात आलं. साल खोडून दुरुस्त केलं, पण क्रमांकात जुनंच राहिलं आणि तो क्रमांक सोळा परीक्षणांवर लिहिलेला होता. दोन रविवार गेले. मुका क्रमांक कधी खोटं बोलत नाही. आणि एखादं खातं रद्द झालं तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका.

तिसरी पायरी: नाव, पडद्यावरचं आणि लावणीचं

नावासाठी दोन रकाने ठेवा. पहिल्यात पडद्यावर दिसतं तसंच नाव, पोस्टरवरचं किंवा वर्तमानपत्रातलं नव्हे. दुसरा रकाना ‘लावणीचं नाव’. इथे लावणी म्हणजे अक्षरांच्या क्रमाने लावण्याची क्रिया, ढोलकी आणि चाळ नव्हेत, हे आमच्याकडे दरवर्षी कुणाला तरी सांगावं लागतं.

लावणीचं नाव कशाला हवं? ‘द डिसायपल’ घ्या. पडद्यावरच्या नावाने तो ‘द’मध्ये जातो. असे इंग्रजी नावांचे मराठी चित्रपट वाढत चाललेत, मग ‘द’चा कप्पा फुगतो आणि ‘डिसायपल’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून लावणीच्या रकान्यात ‘डिसायपल, द’. ‘७२ मैल एक प्रवास’ इथे ‘बाहत्तर मैल एक प्रवास’ होतो आणि ‘६६ सदाशिव’ ‘सहासष्ट सदाशिव’. आकडे तसेच ठेवले तर संगणक त्यांना अक्षरांपासून वेगळं नेऊन बसवतो. ‘डॉ.’चं ‘डॉक्टर’ करा. ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’मधली टिंबं काढा, पण ‘आणि’ राहू द्या, कारण लोक तो चित्रपट ‘आणि’पासूनच सांगतात.

‘संत’चं काय करायचं यावर आमच्याकडे भांडण झालं होतं. संत तुकाराम, संत ज्ञानेश्वर, संत सखू, एकट्या प्रभात फिल्म कंपनीचेच तीन ‘सं’मध्ये. एका गटाचं म्हणणं, ‘संत’ गाळून लावा. मी म्हटलं, नाही. माणूस जे नाव तोंडाने घेतो तिथेच चित्रपट सापडला पाहिजे. तडजोड अशी झाली की ‘तुकाराम’खाली एक चिठ्ठी: ‘पाहा: संत तुकाराम’. अशा ‘पाहा’ चिठ्ठ्या फुकट असतात, हव्या तेवढ्या टाका.

मालिका असेल तर सावध राहा. ‘मुंबई-पुणे-मुंबई’चा दुसरा भाग २०१५चा आणि तिसरा २०१८चा. म्हणून २०१०च्या पहिल्या भागाला मागाहून ‘१’ चिकटवू नका. तो आला तेव्हा तो पहिला आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

आता संगणकावर काम करणाऱ्यांसाठी जरा खोलात. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ‘ह’नंतर. पण काही प्रोग्राम ळ हा ल आणि व यांच्या मध्ये लावतात, ‘क्ष’ला क + ष समजून ‘क’च्या शेपटाला बांधतात. तुम्ही ‘क्षणभर विश्रांती’ यादीच्या तळाशी शोधत बसता आणि ती वर ‘क’पाशी असते. यावर फार डोकं फोडू नका. तुमचा प्रोग्राम काय करतो ते एकदा बघून पहिल्या पानावर लिहून ठेवा.

त्याहून छुपा त्रास टंकनाचा. ‘फँड्री’ हे नाव तीन जणांना टाइप करायला सांगा. एक जण फ वर सरळ चंद्रबिंदू देतो. दुसरा आधी अर्धचंद्र देतो, मग अनुस्वार: ‘फॅंड्री’. तिसरा ‘फॅण्ड्री’ लिहितो. पहिली दोन डोळ्यांना जवळजवळ सारखी, संगणकाला मात्र पूर्ण वेगळी. शोधलं की ‘काही सापडलं नाही’ म्हणतो, आणि आपण समोर बघत असतो! ‘ॲ’चीही तीच गत: एक सबंध अक्षर म्हणून असतो आणि ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही करता येतो. यासाठी तिसरा रकाना, ‘इतर लेखनं’. त्यात सगळी रूपं स्वल्पविराम देऊन टाका. टाइमपास, टाईमपास. मंजुळे, मंजुले. अशुद्ध वाटलं तरी टाका. शोधणारा शुद्धलेखनाची परीक्षा देऊन येत नसतो.

चौथी पायरी: साल (इथे घाई नको)

निम्म्या चुका सालाच्या असतात आणि त्यात आळसापेक्षा गोंधळच जास्त असतो. कारण चित्रपटाला वाढदिवस तीन: सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं तो, महोत्सवात पहिल्यांदा दाखवला तो आणि तिकीट काढून तुम्हा-आम्हाला पाहता आला तो.

‘श्वास’ २००४ साली थिएटरात आला, पण राष्ट्रीय पुरस्कार २००३चा. ‘नटरंग’ लागला १ जानेवारी २०१० रोजी, पुरस्कार २००९चा. नवख्याला वाटतं कुणीतरी चुकलंय. कुणी चुकलेलं नाही. राष्ट्रीय पुरस्कारासाठी चित्रपट कोणत्या सालातला धरायचा हे प्रमाणपत्राच्या तारखेवरून ठरतं, प्रदर्शनावरून नव्हे. डिसेंबरात प्रमाणपत्र घेऊन जानेवारीत लावलेला चित्रपट म्हणूनच मागच्या सालात जातो.

महोत्सवांनी आणखी भर घातली. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ फेब्रुवारी २०१४मध्ये बर्लिनला दाखवला गेला, तिथे त्याला क्रिस्टल बेअर मिळालं आणि आपल्याकडे तो आला जून २०१५ मध्ये. परदेशी याद्यांत त्याचं साल २०१४, आपल्या आठवणीत २०१५. ‘द डिसायपल’ २०२० साली व्हेनिसला आणि एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर.

तर सालाचे रकाने तीन ठेवा: प्रमाणपत्र, पहिला खेळ, प्रदर्शन. जे माहीत नाही ते कोरं. अंदाजाने भरू नका. कोरा रकाना कधीतरी भरतो, चुकीचा भरलेला मात्र कोणी तपासत नाही. नावापुढे कंसात लिहायला यातलं एकच साल निवडायचं. मी प्रदर्शनाचं घेतो, कारण आमचे वाचक थिएटरात जाणारे. तुम्ही पहिल्या खेळाचं घेतलंत तरी बिघडत नाही. पण आज हे, उद्या ते, असं नको.

आणि वर्षअखेरीला जास्त जपा. ‘वेड’ ३० डिसेंबर २०२२ला आला. ज्यांनी पाहिला त्यांतल्या बहुतेकांनी तो जानेवारीत पाहिला आणि आता छातीठोकपणे २०२३ सांगतात.

पाचवी पायरी: भाषा, आणि जुळे कोण

‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला मराठी बोलपट, पण तो प्रभातने हिंदीतही केला, ‘अयोध्या का राजा’. पुढे ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. ही भाषांतरं नाहीत, डबिंग तर नाहीच नाही. दृश्य दोन भाषांत दोनदा चित्रित व्हायचं. ‘शेजारी’त गजानन जागीरदारांसमोर केशवराव दाते आहेत, ‘पडोसी’त मजहर खान. नट बदलला, बोलणं बदललं, मग परीक्षण एक कसं चालेल? अशांना दोन खाती द्या आणि ‘जुळं’ या रकान्यात एकमेकांचे क्रमांक लिहा.

डब केलेल्याला मात्र वेगळं खातं नाही. चित्रपट तोच, आवाज बदलला. ते रोजकीर्दीत ‘कोणती प्रत’ इथे जाईल.

रिमेकला वेगळं खातं, हे ओघानेच आलं. ‘सैराट’ आणि ‘धडक’, ‘मजिली’ आणि ‘वेड’, ‘काक्का मुट्टै’ आणि ‘हाफ तिकीट’. यांच्यासाठी रकाना ‘कशावरून’. ‘कट्यार काळजात घुसली’ आणि ‘नटसम्राट’सारख्यांत मूळ नाटकही तिथेच येतं. पण नुसत्या नामसाधर्म्याला भुलू नका. किशोरकुमारचा १९६२चा ‘हाफ टिकट’ आणि मराठी ‘हाफ तिकीट’ यांचा काही संबंध नाही, तसाच महेश कोठारेंच्या ‘दे दणादण’चा २००९च्या ‘दे दना दन’शी नाही.

‘राजा हरिश्चंद्र’च्या भाषेपुढे काय लिहाल? ‘मूक’. मराठी माणसाने केला म्हणून ‘मराठी’ लिहायचा मोह होतो. त्यातल्या पाट्या मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होत्या.

सहावी पायरी: माणसं

माणसांचीही खतावणी हवी, क्रमांकासकट. का, ते एका नावाने पटेल: सुलोचना. मूकपटांच्या काळातली तारका रूबी मायर्स पडद्यावर ‘सुलोचना’ होती. मराठी-हिंदीतल्या कित्येक पिढ्यांची आई झालेल्या सुलोचना लाटकर श्रेयनामावलीत बहुधा नुसत्या ‘सुलोचना’. आणि लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण वेगळ्याच. (ही लावणी मात्र ढोलकीवाली.) नुसतं नाव लिहिलंत तर तिघींची कारकीर्द एका खात्यावर जमा होईल. जयश्रींचंही असंच: शांतारामांच्या चित्रपटांतल्या जयश्री, जयश्री गडकर, जयश्री टी.

जोडी असेल तर फोडा. ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक ‘दामले-फत्तेलाल’ हे एक माणूस नव्हे: विष्णुपंत दामले एका ओळीत, शेख फत्तेलाल दुसऱ्या. ‘दोघी’ला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर, तसंच. उलट ‘गुळाचा गणपती’त (१९५३) लेखन, संगीत, दिग्दर्शन, प्रमुख भूमिका सगळीकडे पु. ल. देशपांडे. तिथे ‘सबकुछ पु. ल.’ असं एकदा लिहून मोकळं होऊ नका. कंटाळा आला तरी प्रत्येक कामापुढे नाव लिहा. उद्या कुणी ‘संगीतकार पु. ल.’ शोधेल.

सातवी पायरी: सुरुवातीचं प्रमाणपत्र वाचा

चित्रपट सुरू होण्याआधी काही सेकंद सेन्सॉरचं प्रमाणपत्र झळकतं. तेवढ्या वेळात आपण खुर्ची सावरत असतो. त्यावर नाव, भाषा, लांबी, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख, अर्जदार, निर्माता, सगळं असतं. घरी पाहत असाल तर थांबवा आणि उतरवून घ्या. थिएटरात मोबाइल काढू नका, पडद्याचं चित्रीकरण हा गुन्हा आहे. हातात पेन्सिल ठेवा आणि निदान तारीख व मिनिटं टिपा. ओटीटीवर हे पान पुष्कळदा नसतंच.

वर्गवारी जशी लिहिली असेल तशी. २०२४च्या नियमांनी ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे पोटभाग केले. जुन्या ‘यूए’ चित्रपटाला आपल्या मनाने यातला एखादा आकडा जोडू नका.

आठवी: प्रकार

थोडक्यात उरकतो, कारण नवख्यांना यातच सगळ्यात जास्त रस असतो आणि उपयोग सगळ्यात कमी. आपले शब्द वापरा: संतपट, तमाशापट, पौराणिक, ऐतिहासिक, विनोदी, बालचित्रपट. परदेशी याद्यांत ‘तमाशापट’ नसतो, म्हणून ‘पिंजरा’ला ‘संगीतमय नाट्य’ म्हणायची गरज नाही. एका चित्रपटाला जास्तीत जास्त दोन. ‘ग्रामीण’ हा शब्द मी काढून टाकला. त्याने ‘वळू’ आणि ‘फँड्री’ एका कप्प्यात जात होते.

नववी पायरी: आता परीक्षण

रोजकीर्दीच्या नोंदीत मजकुराच्या आधी एवढं हवं: खाते क्रमांक, पाहिल्याची तारीख, कुठे पाहिला, कोणती प्रत, पूर्ण की अपुरी, लिहिणाऱ्याचं नाव. ‘कोणती प्रत’ हे लोक टाळतात आणि तिथेच फसतात. एका सदस्याने एका जुन्या तमाशापटावर ‘कथानक मध्येच तुटतं’ अशी सणसणीत टीका लिहिली होती. त्याने तो दूरचित्रवाणीवर पाहिलेला, खात्यातल्या मिनिटांपेक्षा बावीस मिनिटं कमी. तुटलं होतं ते कथानक नव्हे, प्रत.

‘राजा हरिश्चंद्र’वर लिहिणाऱ्याने तर हे लिहायलाच हवं, कारण मूळ चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढंच उरलंय. शिवाय फाळक्यांनी १९१७ साली तीच कथा पुन्हा चित्रित केली होती, आणि उरलेली रिळं त्या दुसऱ्या चित्रपटाची असावीत असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे परीक्षण कोणत्या खात्यावर टाकायचं हाच प्रश्न! आम्ही १९१३च्या खात्यावर टाकलंय, पेन्सिलीने.

पुन्हा प्रदर्शित झालेल्या चित्रपटालाही हीच वही उपयोगी पडते. ‘तुंबाड’ २०१८चा, सप्टेंबर २०२४ मध्ये तो परत लागला तेव्हा आमच्याकडे पाच नवी परीक्षणं आली. खातं जुनंच, साल २०१८च, रोजकीर्दीत पाच नव्या ओळी. तारे द्यायचे असतील तर तेही इथेच, चित्रपटाच्या खात्यावर नको. एकाच माणसाने ‘तुंबाड’ला आधी तीन आणि नंतर साडेचार तारे दिलेत, दोन्ही खरे.

शेवट फोडणारा परिच्छेद असेल तर त्याच्या आधी एक ओळ मोकळी सोडून ‘पुढे शेवट आहे’ लिहा.

एक खातं भरून बघू

क्रमांक: २१२
पडद्यावरचं नाव: कोर्ट
लावणीचं नाव: कोर्ट
दिग्दर्शन, लेखन: चैतन्य ताम्हाणे
प्रमाणपत्र: (कोरं, आम्ही ओटीटीवर पाहिला)
पहिला खेळ: सप्टेंबर २०१४, व्हेनिस
प्रदर्शन: १७ एप्रिल २०१५
भाषा: मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी
मिनिटं: ११६
कलाकार: वीरा साथीदार, विवेक गोम्बर, गीतांजली कुलकर्णी
पुरस्कार: राष्ट्रीय, सर्वोत्कृष्ट चित्रपट (२०१४)
कशावरून: –
जुळं: –

भाषेचा रकाना बघा. नुसतं ‘मराठी’ लिहून भागलं असतं. पण या चित्रपटात सरकारी वकील मराठी बोलते, बचावाचा वकील आई-वडिलांशी गुजराती, न्यायालयात कायदा इंग्रजीत वाचला जातो. भाषांची ही उतरंड हा चित्रपटाचाच विषय आहे, आणि रकाना नीट भरला तर परीक्षण लिहिणाऱ्याला पहिला धागा तिथेच सापडतो.

जुना ढीग कुठून उपसायचा

‘अ’पासून मुळीच नाही. ‘अ’पासून सुरू केलेलं काम ‘क’च्या आसपास मरतं, हे मी दोनदा केलंय. लोक जे मागतात ते आधी. मागणाऱ्यासमोरच खातं उघडा, चुका तोच दाखवतो. दिवसाला तीन खाती पुरेत.

जोडखाती निघतीलच. निघाली की खोडरबर नको, फाडाफाडी नको. आधीचा क्रमांक ठेवा, नंतरच्यावर तिरकी रेघ मारून ‘पाहा’ लिहा, तारीख टाका, सही करा. ‘श्यामची आई’वाली ती मुलगी आता आमची रोजकीर्द सांभाळते. परवा तिने मला क्रमांक ३८८ दाखवला. त्यावर रेघ होती आणि शेजारी तिच्या अक्षरात: ‘पाहा: २१२. काकांनी दोनदा नोंदवला.’